दहा बाय बाराच्या खोलीसाठी स्पीकर

टीव्ही जसजसा पातळ होत गेला, तसतसा त्याचा आवाजही पातळ झाला. इंचभर जाडीच्या पडद्यामागे स्पीकरला जागाच उरली नाही. जे बारके स्पीकर आत बसवलेले असतात, त्यांची तोंडं खाली किंवा मागे भिंतीकडे असतात. फोनवर गाणी ऐकणाऱ्यांना ब्लूटूथचा एखादा डबा पुरतो. पण ज्या घरात रविवारी सकाळी किशोरी आमोणकरांचा भूप लावून माणसं नुसती बसून ऐकतात, त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच: चांगले स्पीकर घ्यायचे तर कोणते, आणि त्यावर किती पैसे घालायचे?

बाजारात आज आठ-दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत बुकशेल्फ स्पीकरच्या डझनावारी जोड्या मिळतात. प्रत्येकीची स्तुती करणारा कोणीतरी असतोच. परदेशी परीक्षणं वाचावीत तर ती तिकडच्या घरांत बसून लिहिलेली असतात, आणि दुकानात ऐकावं तर तिथली खोली वेगळी. या गोंधळात सर्वांत कमी विचार होतो तो आपल्या खोलीचा. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य फ्लॅटमध्ये स्पीकर लागणार ते दहा बाय बाराच्या, फार तर बारा बाय पंधराच्या खोलीत. तिथे कोणता स्पीकर चांगला वाजेल हे ठरवण्यात कंपनीच्या नावापेक्षा भिंतींचा वाटा मोठा असतो.

साऊंडबार आणि होम थिएटरचे संच या आढाव्यात घेतलेले नाहीत. सिनेमातले संवाद स्पष्ट ऐकू यावेत एवढीच गरज असेल, तर साऊंडबार चांगला. पण गाण्यासाठी एकमेकांपासून सहा-सात फूट दूर ठेवलेले दोन डबे लागतात. दोन स्पीकरमधल्या मोकळ्या जागेत गायक समोर, तबला थोडा एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला असं चित्र उभं करण्याची युक्ती इंग्लंडच्या ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली पेटंटसाठी दाखल केली. स्टिरिओ ध्वनिमुद्रण आजही त्याच पायावर उभं आहे. एकाच डब्यातून ते चित्र उभं राहत नाही, मग तो डबा कितीही महाग असो.

लहान डब्यातून खालचे सूर निघू शकतात, ही गोष्टही फार जुनी नाही. १९५४ पर्यंत दमदार बास हवा असेल, तर कपाटाएवढं खोकं लागायचं. त्या वर्षी अमेरिकेत एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या ॲकूस्टिक रिसर्च कंपनीने पूर्ण बंद खोक्याचा स्पीकर आणला. त्यात कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करत होती. क्लॉस यांचे पुढचे भागीदार अँटन हॉफमन यांनी मांडलेला नियम आजही प्रत्येक स्पीकरला लागू पडतो. लहान आकार, खोल बास आणि थोड्या वॅटवर मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच मिळतात, तिसरी सोडावी लागते. एखादी कंपनी तिन्ही देत असल्याचं सांगत असेल, तर तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात भोक असलेल्या खोक्याचं गणित पक्कं केलं. खोक्याचं घनफळ किती, भोकाची नळी किती लांब, हे अंदाजाने ठरवण्याचे दिवस संपले. आजचे बहुतेक स्वस्त स्पीकर त्या गणितावरच बनतात. सत्तरच्याच दशकात बीबीसीच्या संशोधन विभागाने बाह्यप्रसारणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए हा छोटा मॉनिटर तयार केला. उंची जेमतेम फूटभर. गाडीतल्या अरुंद जागेत निवेदकाचा आवाज खरा ऐकू यावा एवढंच त्याचं काम होतं. त्यात खोल बास नव्हता, पण माणसाचा गळा असा वाजायचा की लोकांनी तो घरी नेला आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या विकल्या जातात. आवाज, त्यातही मानवी आवाज, हेच ज्यांच्या ऐकण्याचं केंद्र आहे त्यांच्यासाठी लहान स्पीकर ही तडजोड नव्हे, हे त्या डब्याने दाखवून दिलं.

स्वस्त स्पीकरच्या दुनियेत अलीकडचं मोठं नाव म्हणजे अँड्र्यू जोन्स. केईएफ आणि इन्फिनिटीत काम केलेल्या या इंग्रज अभियंत्याने टीएडीसाठी हजारो डॉलरचे स्पीकर बनवले. मग २०१२ च्या सुमारास पायोनियरसाठी सव्वाशे-दीडशे डॉलरची जोडी काढली, आणि २०१५ मध्ये जर्मनीच्या एलॅकसाठी डेब्यू मालिका. महाग स्पीकर जाणणारा माणूस मन लावून स्वस्त स्पीकर बनवू लागला, तेव्हा सगळ्याच कंपन्यांना ढिलाई करता येईना. आज पंचवीस हजारांत जे मिळतं, ते वीस वर्षांपूर्वी दुप्पट पैशांतही मिळत नव्हतं.

आता आपल्या गाण्याकडे. परदेशी परीक्षणांत बास किती खोल जातो यावर पानंच्या पानं खर्ची पडतात, कारण तिथल्या संगीतात बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर आणि पियानोची त्याहूनही खाली वाजते. हिंदुस्थानी संगीताचा तळ वेगळ्या जागी आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला धरला, तर तो साधारण १३९ हर्ट्झ येतो, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९ हर्ट्झवर. गायिकेचा षड्ज काळी चार-पाचला असला, तर तिच्या तानपुऱ्याचा खर्ज शंभराच्या वर राहतो. खालचे सूर वाजवणारा वूफर पाच इंची असलेला साधा बुकशेल्फ ५०-५५ हर्ट्झपर्यंत बरा उतरतो. म्हणजे ख्याल, नाट्यगीत, अभंग, भावगीत यांतला खर्ज पूर्णपणे त्याच्या आवाक्यात येतो. या संगीतासाठी वेगळा सबवूफर घेण्याची गरज नाही. लहान खोलीत तर तो घेऊच नये.

‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ दणक्यात ऐकायचं असेल, तर गोष्ट निराळी. तिथे साडेसहा इंची वूफर किंवा सबवूफर कामाला येतो. पण त्याच ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. ती व्हायोलिनं एकमेकांपासून सुटी, रुंद पसरलेली ऐकू येणं हे स्पीकरची जास्त कसोटी पाहणारं काम आहे.

स्पीकर पारखायला तानपुऱ्याइतकं चोख साधन दुसरं नाही. जवारी नीट लागलेली असेल, तर एका तारेतून मूळ सुराबरोबर कितीतरी वरचे स्वर उमलत जातात. तानपुऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीमुळे हे कसं घडतं याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमारास केला होता, आणि तबल्याच्या शाईमुळे चामड्यातून सुरेल स्वर कसे निघतात याचाही. हे वरचे स्वर दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यातून जातात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात स्वस्त स्पीकरमधला वूफर थांबून वरचे सूर वाजवणारा ट्वीटर सुरू होतो. हा सांधा नीट जुळला नसेल, तर तानपुरा दुभंगतो: खाली एक गुंजन, वर एक कचकचीत सळसळ, आणि मध्ये पोकळी. दुकानात दोन मिनिटं नुसता तानपुरा लावून पाहिला, तरी अर्धे स्पीकर बाद होतात. तबल्यावर चाटीचा बोल आणि डग्ग्याची मीड ऐकावी. मीड घसरत खाली येताना एखाद्या जागी अचानक फुगली, तर दोष स्पीकरचा किंवा खोलीचा. तो कुणाचा, हे स्पीकर दुसऱ्या जागी ठेवून लगेच कळतं.

जुन्या ध्वनिमुद्रणांचाही विचार करायला हवा, कारण मराठी घरांतलं ऐकणं फार मोठ्या प्रमाणावर जुनं आहे. बालगंधर्वांच्या तबकड्यांत वरच्या सुरांचा पट्टा मुळातच तोकडा, आणि त्यावर सुईची खरखर. ट्रेबल चढा ठेवलेला चकचकीत स्पीकर ती खरखर तेवढी मोठी करतो. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ प्रसारित झालं तेव्हाचं ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं होतं. अशी मोनो मुद्रणं स्पीकरच्या जोडीवर लावली की गायकाचा आवाज दोन डब्यांच्या बरोबर मध्ये, एका ठिकाणाहून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो पसरट वाटला किंवा एका बाजूला झुकला, तर मांडणी चुकली आहे किंवा एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत.

मांडणीचं गणित थोडं तपशिलात पाहायला हवं. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून फुगतात. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की सूर मिळतो. बारा फुटांसाठी तो येतो ४७ हर्ट्झ, दहा फुटांसाठी ५६. फ्लॅटची उंची साडेनऊ फूट धरली, तर तिचा सूर ५९. म्हणजे ५६ आणि ५९ जवळजवळ एकमेकांवर चढतात, आणि त्या आसपासचा प्रत्येक सूर खोली स्वतःहून मोठा करते. ४० हर्ट्झपर्यंत उतरणारा महाग स्पीकर अशा खोलीत आणला की घुमणं वाढतं, संगीत वाढत नाही. खूप पैसे घालूनही ‘आवाज घुमतो’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची अडचण हीच असते.

यात आपल्या बांधकामाची भर पडते. अमेरिकेतल्या घरांच्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड मारलेल्या असतात. त्या खालच्या सुरांबरोबर थोड्या हलतात आणि तो आवाज गिळतात. आपल्या विटांच्या आणि आरसीसीच्या भिंती तसं काही करत नाहीत, बास आतच फिरत राहतो. वर व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत पीओपी आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. त्यामुळे तिकडे ‘बास कमी’ म्हणून नावं ठेवलेला स्पीकर इथे नेमका बसतो, आणि तिकडे ‘लख्ख’ म्हणून गौरवलेला इथे कानाला टोचतो. परदेशी परीक्षण वाचताना हा फरक मनात धरलाच पाहिजे. त्यावर उपाय फार महाग नाहीत. जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला जाड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट एवढ्याने वरचा कडकडाट पुष्कळ निवळतो. बासवर मात्र पडद्यांचा परिणाम होत नाही. त्यासाठी स्पीकरची आणि बसण्याची जागाच सरकवून पाहावी लागते.

मराठी घरात स्पीकरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सुताराने बनवलेलं टीव्ही युनिट. त्यात दोन्ही बाजूंना स्पीकरसाठी मापून कप्पे केलेले असतात आणि तयार होताच ते शोभतातही. पण तिन्ही बाजूंनी प्लायवूडने वेढलेल्या कप्प्यात स्पीकर ढकलला की गायकाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा होतो. मागे भोक असलेल्या स्पीकरची तर पुरती कोंडी होते. कप्प्यातच ठेवणं भाग असेल, तर स्पीकरचं तोंड फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढावं, भोक पुढच्या बाजूला असलेला किंवा पूर्ण बंद खोक्याचा स्पीकर निवडावा आणि बाजूच्या मोकळ्या जागेत पुस्तकं भरावीत. काही कंपन्या मागच्या भोकासाठी फोमचे बूच देतात, ते अशा वेळी वापरावेत.

स्टँडवर ठेवता आले तर उत्तम. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, कोपऱ्यापासून दूर, दोघांमध्ये सहा-सात फूट अंतर आणि ऐकणारा त्यांच्यापासून जवळपास तेवढाच लांब. ट्वीटर कानाच्या पातळीत यायला हवा. सोफ्यावर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर असतो, भारतीय बैठक असेल तर अडीच फुटांच्या आसपास. तयार स्टँड बहुधा सोफ्याच्या मापाने येतात. गादीवर बसून ऐकणाऱ्यांनी सुताराकडून १८ एमएम प्लायचे बुटके स्टँड करून घ्यावेत आणि पोकळ खांबात कोरडी वाळू भरावी. तोंड ऐकणाऱ्याकडे किती वळवायचं हे स्पीकरगणिक बदलतं. डेन्मार्कची डाली ही कंपनी तर आपले स्पीकर वळवू नका, सरळ ठेवा असंच सांगते.

यानंतर येतो पैशांच्या वाटणीचा प्रश्न: ॲम्प्लिफायर आतच असलेले ॲक्टिव्ह स्पीकर घ्यायचे, की साधे पॅसिव्ह स्पीकर आणि वेगळा ॲम्प?

पंधरा हजारांच्या आत भागवायचं असेल, तर उत्तर सरळ आहे: ॲक्टिव्ह. एवढ्या पैशांत वेगळा ॲम्प आणि स्पीकर अशा दोन्ही चांगल्या वस्तू घरात येत नाहीत. चीनच्या एडिफायर कंपनीची आर १२८० मालिका या गटात वर्षानुवर्षं टिकून आहे, आणि तिचं कौतुक योग्यच आहे. चार इंची वूफर, १३ मिलिमीटरचा रेशमी ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस, भोक पुढे, आणि बाजूला बास-ट्रेबलची बटणं. ‘टी’ या साध्या आवृत्तीत ब्लूटूथ नाही, ‘डीबी’मध्ये ब्लूटूथ आहे आणि टीव्हीची ऑप्टिकल वायरही जोडता येते. टीव्ही आणि गाणी दोन्हीसाठी वापरायचे असतील, तर थोडे जास्त पैसे घालून डीबीच घ्यावा. गळा आणि पेटी यांवर छान वाजतात. आवाज फार चढवला की डग्गा सपाट होतो, पण दहा बाय बाराच्या खोलीत तेवढा चढवण्याची वेळ सहसा येत नाही.

स्टुडिओ मॉनिटर हा दुसरा ॲक्टिव्ह पर्याय. जेबीएल ३०५पी, यामाहा एचएस५ हे पाच इंची मॉनिटर घरगुती स्टुडिओत सगळीकडे दिसतात. यामाहाच्या या पांढऱ्या वूफरचा पूर्वज एनएस-१० हा १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणूनच आला होता. घरांत तो फारसा चालला नाही आणि जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. मॉनिटर प्रामाणिक असतात, वूफरला आणि ट्वीटरला वेगळा ॲम्प असतो, आणि किमतीच्या मानाने त्यांत पुष्कळ अभियांत्रिकी मिळते. अडचणी दोन. प्रत्येक डब्याला वेगळी वीजजोडणी लागते, आणि काही मॉनिटरच्या ट्वीटरमधून गाणं बंद असतानाही बारीक ‘हिस्स’ येत राहतं, ते रात्रीच्या शांत खोलीत जाणवतं. टेबलावर, हाताच्या अंतरावर ऐकणाऱ्यांनी मॉनिटर जरूर घ्यावेत. दिवाणखान्यासाठी पॅसिव्ह जोडी जास्त सोयीची.

पॅसिव्हचा मोठा फायदा आयुष्याचा. त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. ॲम्प बदलता येतो, ब्लूटूथचं नवं तंत्र आलं तर शंभर रुपयांचा भाग बदलावा तसं ते बाहेरून जोडता येतं, स्पीकर मात्र वीस-वीस वर्षं तेच राहतात. अमेरिकेतून मुलगा किंवा भाची स्पीकर आणणार असेल, तेव्हा तर पॅसिव्हचा आणखी एक फायदा कळीचा ठरतो. तिकडचे ॲक्टिव्ह स्पीकर पुष्कळदा फक्त १२० व्होल्टचे असतात, इथल्या २३० व्होल्टवर लावले की जळतात. पॅसिव्ह स्पीकरला विजेशी देणंघेणं नाही. फक्त बॅगेचं वजन पाहावं.

वॅटच्या आकड्यांनी मात्र आजही लोकांना भुलवलं जातं. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ची चिठ्ठी असायची. त्या आकड्याला कोणतंही ठरलेलं मोजमाप नव्हतं. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या वॅटचा आकडा. लहान खोलीत तोही फार लागत नाही. ८६ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर म्हणजे एका वॅटवर एक मीटरवरून ८६ डेसिबल देणारा. आठ फुटांवर बसलेल्याला जोडीकडून त्या एका वॅटवर साधारण ८० डेसिबल मिळतात. घरात निवांत ऐकण्याची पातळी ७० च्या आसपास, म्हणजे वॅटचा दहावा भाग. पखवाजाची थाप त्यावर २० डेसिबलनी उसळली, तरी लागतात दहा वॅट. ३०-४० खऱ्या वॅटचा ॲम्प या खोलीला पुरून उरतो.

म्हणूनच फोसी, आयीमा यांसारख्या कंपन्यांचे तळहाताएवढे क्लास-डी ॲम्प आज एवढे लोकप्रिय झाले आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवर चालणारे हे डबे पाच ते दहा हजारांत चांगलं काम करतात. त्यांच्या खोक्यावरचे वॅट तपासायची एक सोपी रीत आहे: सोबतच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर गुणावेत. ३२ व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे १६० वॅट. त्याहून जास्त सलग वॅट आतून निघूच शकत नाहीत. रिमोट, रेडिओ, रेकॉर्ड प्लेअरची जोडणी हवी असेल, तर यामाहा किंवा डेननचा पूर्ण आकाराचा ॲम्प बरा. वायरवर मात्र पैसे उधळू नयेत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या दीड एमएमच्या तांब्याच्या वायरचा दहा फुटांचा जोड सुमारे ०.०७ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्कासुद्धा नाही.

पॅसिव्हमध्ये कोणते? वीस हजारांच्या आत पोल्कचा टी१५ आणि जेबीएलचा स्टेज ए१३०, दोन्ही सव्वापाच इंची. पोल्क ८९ डेसिबलचा असल्यामुळे छोट्या ॲम्पवर सहज चालतो, पण त्याचा वरचा पट्टा थोडा भरड आहे आणि तानपुऱ्यावर ते कळतं. जेबीएल अधिक नेटका. सिनेमाचं संगीत, गझल, पॉप सगळं ऐकणाऱ्या घराला तो शोभेल.

त्यावरच्या पायरीवर व्हार्फडेलचा डायमंड १२.१ येतो, आणि आपल्या गाण्यासाठी या आढाव्यातली पहिली पसंती त्याला. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ मध्ये यॉर्कशायरमध्ये सुरू केलेल्या या कंपनीची डायमंड मालिका ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून स्वस्त इंग्लिश स्पीकरचा मापदंड मानली जाते. १२ वी पिढी जर्मन अभियंता कार्ल-हाइन्झ फिंक यांच्या देखरेखीखाली २०२० मध्ये आली. १३० मिलिमीटरचा वूफर, ८८ डेसिबल, आणि ॲम्पला न दमवणारा आठ ओहमचा स्वभाव. तो चकाकत नाही, पण गळ्याला अंग देतो, सारंगीला चरचरीत करत नाही आणि जुन्या मुद्रणांवर मेहेरबान असतो. भोक मागे असल्यामुळे कप्प्यात मात्र बसवू नये.

केईएफचा क्यू१५० वेगळ्या प्रकृतीचा. रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या केईएफचा ट्वीटर १९८८ पासून वूफरच्या मधोमध बसतो. त्यामुळे वरचे-खालचे सूर एकाच बिंदूतून निघतात आणि सोफ्याच्या टोकाला बसलेल्यालाही चित्र तुटलेलं ऐकू येत नाही. तीन-चार माणसं एकत्र बसून ऐकणाऱ्या घरासाठी हा गुण मोलाचा आहे. बदल्यात ८६ डेसिबलची संवेदनक्षमता आणि काही सुरांवर चार ओहमच्याही खाली जाणारा भार. म्हणून त्याला कच्चा ॲम्प चालत नाही. सूट मिळाली तर जरूर घ्यावा. एलॅक डेब्यू बी६.२ साडेसहा इंची, बास भरपूर, बारा बाय अठराच्या हॉलला योग्य. दहा बाय बाराच्या खोलीत तो घुमतो.

देशी पर्याय विसरू नयेत. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून स्पीकर बनवते आणि तिचे स्टुडिओ मॉनिटर व्यावसायिक स्टुडिओंत वापरले जातात. दुरुस्ती आणि सुटे भाग इथेच मिळणं ही लहान सोय नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले स्पीकर शोधणाऱ्यांनी एक गोष्ट बोटाने तपासावी: वूफरच्या कडेची गोल पट्टी. ती फोमची असेल, तर कोकण-मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. रबराची असेल तर टिकते. मग वूफर दोन्ही हातांच्या बोटांनी अलगद, सारख्या दाबाने आत ढकलावा. खरखर जाणवली, तर कॉइल घासते आहे, जोडी सोडून द्यावी. खोक्याच्या तळाचे कोपरेही पाहावेत. पाणी प्यायलेला एमडीएफ फुगतो आणि तो परत बसत नाही.

रात्रीच्या ऐकण्याबद्दलही बोलायला हवं. नियमाने निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेजाऱ्यांची झोप ही त्याहून मोठी मर्यादा. आवाज कमी केला की कानाला बास सर्वांत आधी कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. त्यामुळे ज्यांचं ऐकणं मुलं झोपल्यावरचं आहे, त्यांनी बास-ट्रेबलची बटणं किंवा लाउडनेसची सोय असलेला ॲम्पच घ्यावा. ही बटणं काढून टाकणाऱ्या ‘शुद्ध’ ॲम्पचा त्यांना उपयोग नाही.

दुकानातल्या तुलनेत कान सहज फसतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हारमन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून अनेक वर्षं चाचण्या घेतल्या. ब्रँड आणि आकार दिसला की माणसांची मतं बदलतात, दिसला नाही की बहुतेकांना सरळ, समतोल आवाजाचाच स्पीकर आवडतो, असं त्यांना दिसलं. दोन स्पीकरमध्ये एक जरासा मोठ्याने वाजत असेल, तर तोच चांगला वाटतो. म्हणून विक्रेत्याला आवाज सारखा करायला सांगावा, डोळे मिटावेत, आणि दुकानाची झगमगीत डेमो गाणी बाजूला ठेवून स्वतःच्या ओळखीचं मुद्रण लावावं: एक गळा, एक तानपुरा, एक तबला.

आणि शेवटचा निर्णय घरच्या खोलीत घ्यावा. जोडी दोन दिवस घरी नेऊन ऐकू द्याल का, असं विचारायला संकोच करू नये. विक्रेता नाही म्हणाला, तर निदान सात दिवसांत परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी, आणि ते सात दिवस खोकं, थर्माकोल आणि प्लास्टिकच्या पिशव्या माळ्यावर जपून ठेवाव्यात.